कुकरच्या शिट्टीसकट

मेल्यानंतर इतकं बोलणारा माणूस अख्ख्या माळव्यात आमच्या साडूंशिवाय दुसरा झालेला नाही. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. तरी आज सकाळीसुद्धा त्यांनी सरदारपूरकडच्या कुणा शेतकऱ्याला फोन करून 'राम राम भिया' म्हटलं असेल, बाग गावाच्या अलीकडे कुणाला 'लाइट अई गी' अशी वर्दी दिली असेल, आणि धारला मला तर त्यांनी अंथरुणातून उठवलंच आहे. जिवंत माणसाला निदान 'नंतर बोलू' असं सांगता येतं. यांच्या बाबतीत तीही सोय राहिलेली नाही, कारण 'नंतर बोलू' म्हणायचं असेल तर दोन दाबावं लागतं आणि दोन दाबलं की ते थोड्या वेळानं खरोखरच परत फोन करतात. मी निवृत्त माणूस आहे. माझे गुडघे दुखतात, झोप पहाटे कुठे लागायला येते, आणि या वयात मी रोज एका स्वर्गवासी साडूच्या हुकमावरून पाण्याची मोटर लावतो.

साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे, कुंदाचे यजमान. देवासच्या औद्योगिक भागात त्यांचा कारखाना. वर्तमानपत्रवाले त्यांना 'टेक कंपनीचे संस्थापक' म्हणत, तेव्हा ते आपल्या मागे कुणी उभं आहे का असं वळून बघत. कंपनी एकच वस्तू बनवायची. मोटरपंपाच्या शेजारी भिंतीला लावायची एक पेटी, तिच्या पोटात एक सिमकार्ड. शेतावर वीज आली की पेटी मालकाला फोन करायची आणि मोटर चालू करू का म्हणून विचारायची. एक दाबलं की विहिरीवरची मोटर सुरू. दोन दाबलं की पेटी थोडं थांबून पुन्हा विचारायची. रात्री-अपरात्री वीज आली म्हणून शेतावर धावत जायला नको. शेतकरी तिला 'बोलतो डब्बो' म्हणत. मी आयुष्यभर वीजखात्यात नोकरी केली, त्यामुळे चार पाहुण्यांत मला पाहिलं की साडू हात जोडून म्हणत, "साडूभाऊ, तुमचं खातं वेळेवर लाइट द्यायला लागलं तर माझी कंपनी बसेल हो. तेवढं सांभाळा." पाहुणे हसत. मीही हसे, कारण दुसरं करण्यासारखं काही नसे.

ते गेल्यावर देवासला एका मोठ्या सभागृहात शोकसभा झाली. स्टेजवर त्यांचा मोठा फोटो होता आणि त्यात त्यांच्या अंगावर कोट होता. त्यांनी जन्मात कोट घातला नव्हता. कंपनीतल्या कुणीतरी कॉम्प्युटरवर तो चढवला होता, आणि चढवताना खिशातला टेस्टर पुसून टाकला होता, म्हणून तो माणूस मला शेवटपर्यंत ओळखीचा वाटला नाही. एकामागून एक लोक उठून बोलत होते. कुणी त्यांना द्रष्टे म्हणालं. कुणी म्हणालं, माळव्याच्या शेतकऱ्याचे कष्ट पाहून त्यांचं काळीज हललं आणि त्यातून हे यंत्र जन्माला आलं. माझ्या शेजारी कुंदा बसली होती. ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "भावोजी, दूध उतू गेलं होतं."

तेवढंच खरं होतं. मला तो दिवस आठवतो, कारण मी तिथंच सोफ्यावर बसून चहाची वाट बघत होतो. सकाळी लाइट आली की कुंदानं मागच्या अंगणात जाऊन मोटर लावायची हा त्या घरचा रिवाज होता. त्या दिवशी ती मोटर लावायला गेली आणि इकडे पातेलंभर दूध गॅसवरून खाली ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर गेलं. साडू त्याच खोलीत कुठल्याशा रेडिओची आतडी बाहेर काढून बसले होते. त्यांच्या पायाला दूध लागलं तेव्हा त्यांनी पाय वर घेतले. कुंदा आत आली आणि तिनं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचा सारांश असा होता की ज्या माणसाला जगातली सगळी यंत्रं दुरुस्त करता येतात त्याला उठून एक बटण दाबता येत नाही. साडूंनी नुसतं त्या सांडलेल्या दुधाकडे बघितलं. मला त्या दिवशी चहा कोराच मिळाला. पुढचे कित्येक महिने ते घराच्या मागच्या खोलीत गुप्त झाले, आणि पहिली पेटी निघाली ती त्याच घराच्या मोटरीवर बसली. माळव्याचा शेतकरी फार नंतर आला.

त्यांच्या खिशात पेनच्या जागी टेस्टर असे. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आत त्यांची नजर भिंतीवरून फिरे. आमच्या घरचं त्यांनी एकूण एक यंत्र उघडलेलं आहे. भिंतीवरचं घड्याळ उघडून पुन्हा बसवलं तेव्हा एक स्क्रू उरला. मी तो त्यांच्यापुढे धरला तर त्यांनी शांतपणे तो खिशात टाकला आणि म्हणाले, "हा जास्तीचाच होता." ते घड्याळ त्यानंतर कधी बंद पडलं नाही, फक्त घाईत असतं. आमच्या हिच्या मिक्सरला तर त्यांनी असा काही धाक घातला की झाकणावर दोन्ही हात ठेवल्याशिवाय तो आजही फिरत नाही. ही तो मिक्सर बदलू देत नाही. तिच्या मते त्यात सुरक्षितता आहे.

प्रत्येक पेटीवर मदतीसाठी म्हणून त्यांनी स्वतःचाच मोबाइल नंबर छापला होता. कंपनीत फोन घ्यायला माणसं नेमली होती, पण नंबर काही बदलला नाही. त्यामुळे ते जिथं असत तिथं धार आणि देवास जिल्ह्यांतली निम्मी शेती येऊन पोचे. माझ्या नातवाच्या मुंजीत मंगलाष्टकं चालू होती. साडू मांडवाच्या कडेला एका कानात बोट घालून कुणाला तरी तारा जोडायला शिकवत होते. गुरुजींनी श्वास घ्यायला जरा थांबायला आणि साडूंनी मोठ्यानं "हाँ, अब डाल दो" म्हणायला एकच गाठ पडली. आमच्याकडची नवी पिढी हिंदी शाळांत शिकलेली. मंगलाष्टकं त्यांना कळत नाहीत, हा हुकूम मात्र लगेच कळला. अर्ध्या मांडवानं हातातल्या अक्षता मोकळ्या केल्या. गुरुजींनी डोळे मिटून घेतले आणि उरलेली मंगलाष्टकं रिकाम्या हातांसमोर म्हटली. साडूंना यातलं काही कळलं नाही. फोन ठेवून ते माझ्याजवळ आले आणि फार समाधानानं म्हणाले, "चालू झाली."

कारखान्यात त्यांच्यासाठी चांगली काचेची खोली होती. साहेब म्हणून ते तिथं कधी बसले नाहीत. तिथं शेतावरून बिघडून परत आलेल्या पेट्या ठेवलेल्या असत, आणि त्यांना ते 'पाहुणे' म्हणत. सकाळी गेल्या गेल्या पहिला प्रश्न, "आज कोण पाहुणे आले?" मग एकेक पेटी उघडायची. कुणाच्या पोटात मुंग्या, कुणाच्या पोटात पाल, एकीत तर गांधीलमाशीचं अख्खं घर होतं. इंदूरहून शिकून आलेल्या इंजिनियर पोरांना ते ती पेटी नाकाजवळ धरून हुंगायला लावत आणि विचारत, काय वास येतोय? पोरं बिचारी 'सर, काही नाही' म्हणत. "फवाऱ्याचं औषध आहे रे. तिथंच शेजारी ठेवतात. त्यानं तार खाल्ली." बैठकीला बाहेरगावचे मोठे लोक आले तरी त्यांना आधी पाहुण्यांची ओळख करून दिली जाई. त्यातले काही पुन्हा आले नाहीत.

आता आवाजाकडे येतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. पहिल्या खेपेला पेटीसाठी त्यांनी एका बाईचा आवाज आणवला होता. फार गोड, रेल्वे स्टेशनवर असतो तसा. पाच-दहा पेट्या अशा गावोगाव लावून पाहिल्या. बाग गावाच्या पुढे एका शेतकऱ्याच्या घरी ती पेटी बसली, आणि रोज अंधार असताना एका परक्या बाईचा नवऱ्याला फोन येतो आणि तो उठून शेतावर जातो हे त्याच्या बायकोच्या लक्षात आलं. ती पेटी पाहुणी म्हणून परत आली तेव्हा तिच्यावर मुसळाच्या खुणा होत्या. साडूंनी त्या खुणांवरून बराच वेळ हात फिरवला. मग म्हणाले, "माझा आवाज घालू. माझ्यावर कुठलीच बाई संशय घेणार नाही."

त्यांनी आवाज भरला तो घरीच, कुंदाच्या कपाटात बसून. बाहेरचा घुमारा नको म्हणून लुगड्यांच्या आणि शालूंच्या मध्ये तोंड घालून ते बोलत होते. बाहेर आले तेव्हा अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मालवी त्यांना देवासच्या गल्लीत वाढल्यामुळे चांगली येत होती. 'राम राम भिया. लाइट अई गी. मोटर चालू करूँ कईं?' आणि एक दाबल्यावर, 'चालू हुई गी. अब तम आराम करो.' हे शेवटचं वाक्य संपलं आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात कुंदाच्या कुकरची शिट्टी झाली. कपाट, शालू आणि डांबरगोळ्या भेदून ती शिट्टी त्या आवाजात जाऊन बसली. साडूंच्या ते लक्षातही आलं नाही, आणि तशाच पेट्या गावोगाव गेल्या.

पुढे इंजिनियर पोरांनी ती शिट्टी काढून आवाज स्वच्छ केला. त्याबरोबर तक्रारींचा पाऊस. पेट्या नकली आहेत, दुकानदार फसवतोय, 'सीटी नी वजी'. लोकांनी असं धरलं होतं की शिट्टी झाली म्हणजे मोटरीत पाणी चढलं. शिट्टी नाही म्हणजे काम झालेलं नाही. मोटर डोळ्यांसमोर पाणी फेकत असली तरी लोक ती बंद करून पुन्हा फोनची वाट बघत. शेवटी साडूंनी कुंदाची ती शिट्टी सन्मानानं परत आणली, आणि तेव्हापासून प्रत्येक आवाजाच्या शेवटी ती चिकटवायचा कंपनीचा नियमच झाला. आमच्या दोन्ही घरांच्या पेट्यांतसुद्धा ती आहे. त्या दोन पेट्यांसाठी त्यांनी मराठीत वेगळं भरलं होतं. माझ्यासाठीचं असं: 'साडूभाऊ, तुमच्या खात्याची कृपा झाली. मोटर लावू का?' आणि एक दाबलं की, 'आभारी आहे. आता परत झोपा.' मग शिट्टी. या शिट्टीनंतर कुणाला परत झोप लागत असेल तर मला त्याचे पाय धरायचे आहेत.

कुंदासाठीचं मी कधी नीट ऐकलं नव्हतं. एवढं माहीत होतं की ती त्या आवाजावर चिडून असे. फोनवर परक्या माणसाशी श्रीखंडासारखं बोलणारा हा गृहस्थ घरी आला की मुका होई. जेवताना मीठ हवं असेल तर मिठाच्या दिशेनं बघे. "शेतकऱ्यांना आराम करो म्हणतात," कुंदा आमच्या हिला सांगे, "मला आजारपणात औषध घेतलंस का म्हणून विचारलं नाही. नुसतं त्या बाटलीकडे बघितलं." ही म्हणे, बघितलं ना, तेच खूप झालं. दोघी बहिणींचा हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की मधली वाक्यं मीही म्हणू शकतो.

साडू गेले ते कारखान्यातच, पाहुण्यांच्या खोलीत. कुणाला काही त्रास न देता खुर्चीवर मान टाकली. त्यांना मुलगी एकच, वैदेही. ती इंजिनियर आहे, इंदूरला राहते आणि रोज देवासला येऊन कंपनी बघते. दहाव्याला आम्ही क्षिप्रेच्या काठी गेलो. विधी वैदेहीच करत होती. कुंदा नको म्हटलं तरी आली होती आणि वर लांब पायरीवर बसली होती. साडूंचा मोबाइल माझ्या खिशात होता, कारण तो बंद करायचा कुणाला धीर होत नव्हता. पिंड ठेवला आणि तेवढ्यात तो वाजला. सरदारपूरकडचा कुणी होता. मी बाजूला जाऊन त्याला सांगितलं, बाबा रे, ते आता राहिले नाहीत, आज त्यांचा दहावा आहे. तो मला समजावल्यासारखं म्हणाला, "कईं वात करो साब. सवेरे तो उनको ज फोन आयो थो." सकाळीच ज्यांचा फोन येऊन गेला ते गेले कसे, असा त्याचा सवाल होता. मी त्याची तक्रार लिहून घेतली.

इकडे कावळा शिवेना. कावळे झाडावर भरपूर होते, पण एक खाली येईल तर शपथ. अशा वेळी जे करायचं ते सगळे करायला लागले. मी वडीलधारा म्हणून पुढे झालो आणि कुंदाची काळजी घेऊ असं सांगितलं. कावळा हलला नाही. त्यांचे भाऊ म्हणाले, श्राद्धपक्ष चुकवणार नाही. कंपनीचे मॅनेजर, जातीनं मालवी बनिया, त्यांना हा प्रकार नवा होता, तरी त्यांनी पाहून पाहून हात जोडले आणि म्हणाले, "सर, अगले साल राजस्थान भी कवर कर लेंगे." तरी नाही. गुरुजींना उज्जैनला दुसरीकडे जायचं होतं, ते घड्याळ बघत होते. शेवटी वैदेही रडत रडत म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज मी कधीच बदलणार नाही." आणि एक कावळा सरळ खाली उतरला, पिंडावर चोच मारून वडा घेऊन गेला. गुरुजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाकीच्यांनी डोळे पुसले.

ते वचन वर्षभरात वैदेहीच्या गळ्याशी आलं. जुन्या पेट्यांतली सिमकार्डं ज्या नेटवर्कवर चालतात ते आता गुंडाळत आलं आहे, म्हणून सगळ्या पेट्या नव्यानं बनवणं भाग होतं. त्यातच एक मोठी कंपनी चार राज्यांसाठी पेट्या घ्यायला तयार झाली. अट एकच, आवाज ज्या त्या भाषेतला, शिकलेल्या माणसाचा हवा. हे काम मिळालं नाही तर कारखाना फार दिवस चालणार नव्हता, आणि पेट्या जोडणाऱ्या देवासच्या बायकांना घरी बसावं लागणार होतं. गेल्या महिन्यात वैदेहीचा मला फोन आला. "काका, मी एकदम फसून गेली आहे. त्या लोकांना हो बोलली तर बाबांशी खोटं होतं. नाही बोलली तर बाबांची कंपनीच जाते. आईला विचारायची माझी हिंमत नाही होऊन राहिली. तुम्ही विचाराल का?"

कुटुंबात थकलेला माणूस असला की सगळी अवघड कामं त्याच्याकडे येतात. तो नाही म्हणायलाही थकलेला असतो. मी धारहून इंदूरला आणि इंदूरहून देवासला बस बदलत गेलो. वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी कुंदा रडत होती. संध्याकाळी तिच्याकडे पोचलो. चहा झाला, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, आमच्या हिच्या मिक्सरची चौकशी झाली. मग मी एकदाचं सगळं सांगून टाकलं.

कुंदा मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "बदला की. एवढ्यासाठी धारहून आलात?"

"पण वैदेहीनं वचन दिलंय. कावळा तेव्हाच शिवला."

"कावळ्याचं काय घेऊन बसलात, भावोजी. वडा भाताखाली दडला होता, त्या बिचाऱ्या पाखराला दिसणार कसा? तिचं ते वचन चाललं होतं ना, तेव्हा मी हळूच हात घालून वडा वर काढला. तो वड्यासाठी आला. सांगा तिला."

त्या दिवशी मी पिंडाच्या जवळच उभा होतो. कुंदा लांब, वरच्या पायरीवर होती. तिथून तिचा हात पिंडापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती कुठं बसली होती ते मी पाहिलेलं आहे, हे तिला कळलं. तरी ती पुढची जुडी सोडून निवडायला लागली.

"नवा आवाज बाईचा का पुरुषाचा?" तिनं विचारलं.

"बाईचा म्हणे. इंदूरची कुणी मुलगी आहे."

"मग ती बागवाली परत मुसळ काढील," ती म्हणाली आणि जरा हसली. "काढू दे. मला त्या आवाजाचा कंटाळा आलाय. रोज सकाळी उठून तेच. फक्त एक सांगा वैदेहीला, शिट्टी तेवढी राहू दे. ती माझी आहे."

इतकं सोपं काम आयुष्यात मी कुठलंच केलं नव्हतं. रात्री मला गाढ झोप लागली. सकाळी जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं आणि स्वयंपाकघरातून साडूंचा आवाज येत होता. दचकायची सवय मला आता राहिलेली नाही. उठून दारापर्यंत गेलो. कुंदा स्टुलावर बसून चहाचं आधण बघत होती आणि फोन तिच्यासमोर ओट्यावर होता. 'अगं,' फोन म्हणत होता, 'लाइट आली. मोटर लावू का? हो असेल तर एक दाब. जरा थांबायचं असेल तर दोन दाब, मी परत विचारीन.' बायकोला नावानं हाक मारायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. यंत्रात भरतानाही त्यांना ते जमलं नव्हतं.

कुंदानं दोन दाबलं.

मला वाटलं चुकून दाबलं. ती चहा गाळून कपात ओतत होती. मला कप दिला, स्वतःचा घेतला. आम्ही दोघं चहा प्यायलो. फोन परत वाजला. 'अगं, लाइट आली. मोटर लावू का?' तिनं ऐकून घेतलं, सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि पुन्हा दोन दाबलं.

"टाकीत पाणी नसेल ना," मी म्हटलं.

"नाहीच आहे."

"मग लाव की."

"घाई काय आहे," ती म्हणाली. "विचारतायत तर विचारू दे."

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा तिनं एक दाबलं. 'बरं,' साडू म्हणाले. 'तू बस. मी लावतो.' मागं अंगणात मोटर घरघरली आणि फोनमध्ये कुकरची शिट्टी झाली. कुंदानं कप खाली ठेवला. "तुरीची डाळ लावली होती त्या दिवशी," ती म्हणाली, आणि आंघोळीला निघून गेली. मी तिथंच बसून राहिलो. तीस-चाळीस वर्षं मी त्या माणसाला घरात मुका समजत होतो आणि कुंदाची मनापासून कीव करत होतो. आता मलाच फार एकटं वाटलं.

परतीच्या बसमधून मी वैदेहीला फोन केला. आई तयार आहे म्हणून सांगितलं. वड्याचंही सांगितलं. तिनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "खरंच काका? आईनं केलं तसं?"

"खरंच. मी तिथंच होतो, मी पाहिलं."

ती रडायला लागली. पण ते रडणं ओझं उतरल्याचं होतं, तेवढं मला कळतं. थोडं शांत झाल्यावर मी तिला म्हटलं, नवी पेटी सगळीकडे बसव, नव्या मुलीच्या आवाजात बसव. फक्त आईच्या घरी नवी पेटी लावशील तिच्यात आवाज जुनाच घाल, सगळाच्या सगळा.

"एका पेटीसाठी वेगळा प्रोग्राम ठेवायचा, काका?"

"एका नाही," मी म्हटलं. "दोन. धारलाही एक लागेल."

"तुम्ही? तुम्ही तर रोज शिव्या देता त्याला."

"देतो ना," मी म्हटलं. "मग आता कुणाला देऊ?"

नवी पेटी मागच्या आठवड्यात आली. कंपनीचा माणूस लावून गेला. स्मरणिकेसाठी साडूंबद्दल चार शब्द लिहा असं कंपनीचं पत्रही त्याच्याबरोबर होतं, म्हणून हे लिहायला बसलो, पण यात द्रष्टा हा शब्द कुठेच बसला नाही, तेव्हा ते छापतील असं वाटत नाही. दोन दाबायचा मला काही अधिकार नाही, तो कुंदाचा आहे. मी आपला एकच दाबतो. आज सकाळीही दाबलं. 'आभारी आहे,' ते म्हणाले. 'आता परत झोपा.' पूर्वी मी इथं फोन आपटत असे. आता शिट्टी होईपर्यंत कानाला धरून ठेवतो, आणि मग मोटरीचा आवाज ऐकत तसाच पडून राहतो. झोप काही लागत नाही.